मी खाल्लेला पूल

आमच्या ताईच्या वस्तीवर आजही म्हणतात, की पूल मी खाल्ला. पूल खायचं काम आमच्याकडं गुत्तेदार करतात. सिमेंट खातात, सळई खातात आणि वर उद्घाटनाला जेवण घालतात. मी साधा गॅरेजवाला. मी खाल्लं ते एका जुन्या इंजिनाच्या पोटातलं चिमूटभर ॲल्युमिनियम. त्याचा चुरा तळहातावर घेऊन फुंकला असता तर दिसलाही नसता. तेवढ्यानं पूल कसा जाईल, हे मी आधी लोकांना समजावत बसायचो. आता बसत नाही. हो, खाल्ला म्हणतो आणि चहा पिऊन उठतो.

माझं गॅरेज ईट गावात, बाजाराकडं जाणाऱ्या रस्त्यावर. दुचाक्या आणि फवारणीचे पंप, एवढंच काम. पण टू-स्ट्रोक इंजिनात माझा हात चांगला आहे, हे मी स्वतःच सांगतो, कारण दुसरं कुणी आता सांगणार नाही. जुन्या टू-स्ट्रोक गाड्या हौशी लोकांकडंच उरल्यात. त्या गाड्यांचे ब्लॉक, म्हणजे सिलिंडरचे ओतीव ठोकळे, कोरून घ्यायला माझ्याकडं पार तामलवाडीहून माणसं यायची.

कोरणं म्हणजे काय, ते सांगतो. या इंजिनाला व्हॉल्व्ह नसतात. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या असतात, त्यांना आम्ही पोर्ट म्हणतो. पिस्टन खालीवर होताना त्या खिडक्या उघडतो आणि झाकतो. एकीकडून पेट्रोलची ताजी हवा आत येते आणि जळालेला धूर दुसरीकडून बाहेर ढकलते. कारखान्यात ब्लॉक ओततात तेव्हा हवेच्या वाटेत धातूचे कंगोरे राहतात, पॅकिंगची कड मध्ये येते, एक भोक दुसऱ्या भोकाला नीट जुळत नाही. हवा अडखळते. ते कंगोरे बारीक ग्राइंडरनं आणि कानशीनं काढायचे, वाट गुळगुळीत करायची, की त्याच इंजिनात वेगळाच दम येतो. जास्त कोरलं की ब्लॉक भंगारात जातो. सगळी कला हात कुठं थांबवायचा यातच आहे.

आता ताईची वस्ती. धरणाचं पाणी चढलं तेव्हापासून ती वस्ती तीन बाजूंनी पाण्यात आहे. चौथ्या बाजूची वाट ओढ्यातून जाते आणि इतका वळसा घालते, की त्या वाटेनं जाणारा माणूस अर्धा दिवस तिकडंच घालवतो. समोर पाण्यापलीकडं मात्र डांबरी रस्ता, यष्टीचा थांबा, सगळं डोळ्यांना दिसतं. म्हणून मधे पूल हवा. पूल मंजूर आहे, असं मी लग्नाआधीपासून ऐकत आलोय. दोन्ही काठांवर लाल रंग दिलेले खुंटही ठोकून गेले होते. वस्तीतल्या शेळ्या त्यांना बांधलेल्या असायच्या.

पूल येईपर्यंत नाव होती. धरणात मासेमारीचा ठेका घेतलेला एक माणूस काम सोडून गेला, तेव्हा जाळी राखणाऱ्या आमच्या दाजींकडं फायबरची नाव आणि तिच्या मागं लटकवायचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन ठेवून गेला. इंजिन कोकणातून आलेलं, म्हातारं. दाजी रोज सकाळी वस्तीतली माणसं आणि दुधाच्या किटल्या पलीकडं सोडायचे. वारा समोरून असला की नाव पाण्यात जागच्या जागी धापा टाकायची आणि काठावर यष्टी निघून जायची.

यष्टी चुकणाऱ्यांत माझी भाची होती. वस्तीतली दहावीच्या पुढं गेलेली पहिली मुलगी. तिला नर्स व्हायचं होतं आणि तालुक्याच्या ठिकाणी तिचा नर्सिंगचा कोर्स सुरू झाला होता. तिथं हजेरीला फार महत्त्व. भाची रोज पहाटे उठून भाकरी बांधून नावेत बसायची आणि आठवड्यातून कितीदा तरी काठावरूनच परत यायची. कॉलेजनं घरी कळवलं, असंच चाललं तर परीक्षेला बसता येणार नाही. त्या दिवशी ताई गॅरेजवर आली. उन्हातून आली होती, पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तू लोकांच्या गाड्या पळवतूस," ती म्हणाली, "माझ्या पोरीची नाव तेवढी पळव. पोरगी रोज रडायलीय. हिचं शिक्षण गेलं तर वस्तीत पुन्हा कुणी पोरीला शिकवायचं नाव काढणार न्हाय."

ताई माझ्याकडं कधी काही मागत नाही. लहानपणी माझ्या वाटणीचं कामही तिनंच केलेलं. मी दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन गेलो आणि इंजिन उचलून आणलं.

उघडलं आणि कपाळाला हात लावला. इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटांत समुद्राचं मीठ बसलेलं. आमच्या जिल्ह्यात समुद्राचं मीठ म्हणजे नवलच, मी शेजारच्या चहावाल्याला बोलावून दाखवलं. ते खरवडून काढलं. मग हवेच्या वाटा पाहिल्या. ओतीव कामाचे कंगोरे बोटाला टोचत होते आणि पॅकिंगनं पोर्टचं तोंड एका बाजूनं झाकलेलं होतं. एवढं अडलेलं इंजिन इतकी वर्षं माणसं ओढत होतं, याचंच मला आश्चर्य वाटलं.

हौशी पोरांच्या गाडीचं काम असतं तर मी धुराची खिडकी वर वाढवली असती. त्यानं वेग वाढतो, पण सुरुवातीची ओढ जाते. नावेला वेग नको, ओढ हवी. म्हणून धुराच्या खिडकीच्या उंचीला हात लावला नाही. फक्त आत येणाऱ्या हवेची वाट मोकळी केली आणि दोन्ही सिलिंडरच्या खिडक्या सारख्या केल्या. भीती वेगळीच होती. या ब्लॉकच्या भिंतीमागं लगेच पाण्याची पोकळी असते. भिंत जरा जास्त पातळ झाली की पाणी सिलिंडरमध्ये शिरणार आणि खेळ खलास. नवा ब्लॉक मिळायचं नाव नको. मी थोडं कोरायचो, थांबायचो, बोट फिरवायचो, पुन्हा थोडं. शेवटी पोर्टच्या कडा गोल केल्या, नाहीतर पिस्टनची रिंग तिथं अडकून तुटते. पाण्याच्या पोकळीत रॉकेल भरून ठेवलं. थेंब पाझरला नाही.

तपासायचं कुठं? हे इंजिन पाण्याशिवाय चालवलं की तापून बसतं. म्हणून जनावरांच्या हौदावर नेऊन लटकवलं. दोरी ओढली, पहिल्या ओढीला पेटलं. आवाजच बदलला होता, भरलेला, खणखणीत. मी जरा गिअर टाकला तर नाव ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्यानं अर्धा हौद बाहेर भिरकावला. पाण्यावर आलेल्या म्हशी उधळल्या आणि म्हशीवाल्यानं माझा उद्धार केला. मी हसत होतो. इतका आनंद मला त्याआधी कशात झाला होता, आठवत नाही.

नाव पळायला लागली. समोरून वारा असला तरी भरलेली नाव यष्टीच्या आधी काठाला लागायची. भाची थांब्यावर उभी राहून यष्टीची वाट बघायची. आधी यष्टी तिची वाट कधी बघत नव्हती, आता तीच यष्टीला सांगते, काय उशीर केलास, असं दाजी कौतुकानं सांगायचे. हजेरी भरून निघायला लागली. ताईनं मला पुरणपोळीचं जेवण घातलं. इथंच हे संपलं असतं तर मी सुखी माणूस असतो.

पण साहेब यायचे होते. साहेब म्हणजे आमचे पुढारी, ज्यांच्या एका शब्दावर पूल अडलाय असं सगळे म्हणायचे. ते खात्याचे इंजिनिअर घेऊन स्वतः पाहणीला येणार असा निरोप आला. वस्ती हरखली. बैठक भरली, तीत मीही होतो. ठरलं ते असं, की भाषणबाजी करायची नाही. साहेबांना नावेत बसवायचं आणि आपले हाल डोळ्यांनी बघू द्यायचे. बास. मला ते फार पटलं.

आणि मग माणसं तयारीला लागली. आमच्या लोकांचं हे एक कायमचं आहे. दारात पाहुणा येणार म्हटलं, की आपलं दुखणं कोपऱ्यात सारायचं आणि पाहुण्याला बसायला चांगलं अंथरायचं. साहेबांचे पाय चिखलात भरायला नकोत म्हणून काठावर मुरूम टाकला. ज्या चिखलात माझी भाची रोज चप्पल हातात घेऊन चालायची, त्यावर दोन ट्रॉली मुरूम एका दुपारीत पडला. नाव धुतली. तिच्यात सतरंजी आली, सतरंजीवर सोसायटीच्या कार्यालयातल्या खुर्च्या आल्या. साहेबांना दाटी नको म्हणून बाकी कुणी बसायचं नाही, असं ठरलं. किटल्या नाहीत, कडब्याच्या पेंढ्या नाहीत, बाया नाहीत. दाजींनी नवे प्लग टाकले आणि ताजं पेट्रोल भरलं.

मी दाजींना म्हणालो, "दाजी, असं कसं? रोजच्यासारखी गच्च भरा की नाव. तुम्ही हाल दाखवणार हाय का सहल काढणार हाय?"

"आरं, एवढा मोठा माणूस," दाजी म्हणाले. "मधीच बंद पडली तर वस्तीची इज्जत काय ऱ्हाईल?"

इज्जत. हाल दाखवायला बोलावलेल्या माणसासमोर आम्हाला इज्जत आठवली.

साहेब आले. हलगी वाजली, फेटा बांधला, ओवाळलं. साहेब, दोन इंजिनिअर आणि दाजी, एवढीच माणसं नावेत. वाराही त्या दिवशी पडलेला, जसा काही तोही स्वागत समितीत होता. दाजींनी इंजिनाची मूठ पिरगाळली आणि नाव अशी सुटली, की काठावरच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी जे कोरलं होतं ते त्या पाण्यावर गुणगुणत गेलं. खोटं कशाला बोलू, माझी छाती फुगली. पलीकडं जाऊन, वळून, नाव परत आलीसुद्धा. साहेबांच्या फेट्याचं टोक तेवढं वाऱ्यानं सुटलं होतं.

"इंजिन कुणी केलं हे?" साहेबांनी उतरताच विचारलं. दहा हातांनी मला पुढं ढकललं. त्यांच्यासाठी आणलेली शाल त्यांनी माझ्याच अंगावर टाकली, नारळ हातात दिला आणि माईक मागितला. म्हणाले, असे कारागीर आपल्या मातीत आहेत याचा अभिमान वाटतो. म्हणाले, आपण उठसूट सरकारपुढं हात पसरतो, या मेस्त्रीनं हात चालवला. एवढी छान जलवाहतूक तर शहरातल्या लोकांना मिळत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या कशाला वाजवतोय हे कळायला काही जणांना घरी पोचेपर्यंत वेळ लागला. ताईला तिथंच कळलं. ती बायकांच्या घोळक्यात पदर तोंडाला लावून उभी होती आणि माझ्या अंगावरच्या शालीकडं बघत होती.

पूल पुढं दुसरीकडं गेला. तिथं साहेबांच्या पाहुण्यांची शेती आहे असं म्हणतात, मी बघायला गेलेलो नाही. आम्हाला कळवण्यात आलं की वस्तीसाठी जलवाहतुकीची समाधानकारक सोय उपलब्ध असल्यामुळे पुलाचा विचार तूर्त नाही. वर भगव्या रंगाची जीवरक्षक जाकिटं आली, छातीवर साहेबांचा फोटो. दोन पोरं ती घालून क्रिकेट खेळायची.

वस्तीनं मग वरच्या कार्यालयात अर्ज केला आणि पुन्हा एक अधिकारी बघायला येणार असं ठरलं. तेव्हा पंच मंडळी दाजींना घेऊन माझ्या गॅरेजवर आली. त्यातले म्हातारे पाटील म्हणाले, "मेस्त्री, तेवढं इंजिन पयल्यासारखं करून द्या."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि डोकं फिरलं.

"पाटील, कोरलेलं परत भरता येतंय व्हय?" मी म्हणालो. "आणि तुम्हाला नाव रडतखडतच दाखवायची होती तर त्या दिवशी सतरंजी कुणी अंथरली? मी अंथरली?"

दाजी जमिनीकडं बघत होते. माझाच मला राग आला, कारण ही माणसं काही वाईट नव्हती. मी म्हणालो, इंजिन बिघडवायला कारागीर लागत नाही, एका प्लगची वायर काढा, आपोआप मरगळेल. ऐन वेळी दाजींनी तसंच केलं. या खेपेला नाव गच्च भरली, किटल्या, पेंढ्या, माणसं, सगळं. तो तरुण अधिकारी घामाघूम होऊन पलीकडं पोचला. अर्ध्या वाटेत त्याच्या बुटांत पाणी गेलं होतं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, "इंजिन एका सिलिंडरवर चालतंय, काका. दुरुस्त करून घ्या. तुमच्याकडं एवढे चांगले मेस्त्री आहेत, शाल मिळालेले."

त्याची तरी काय चूक? तो जे दिसलं ते बोलला.

नंतर पावसाळा आला. पावसाळ्यात माझ्या इंजिनाला कुणी विचारत नाही. धरण भरतं, वारं सुटतं, लाटा नावेच्या वर येतात. कितीही ओढ असलेलं इंजिन असलं तरी त्या पाण्यात शहाणा माणूस नाव घालत नाही आणि दाजी शहाणे आहेत. मागचा ओढाही भरून वाहत होता. भाची दिवसचे दिवस घरी बसून राहिली. यष्टीचा हॉर्न मात्र पाण्यावरून स्वच्छ ऐकू यायचा, असं ती मला म्हणाली होती. होस्टेलसाठी मी कॉलेजात खेटे घातले, जागा मिळाली नाही. माझ्या घरी ये म्हणालो तर ईटवरून तिचं कॉलेज आणखी लांब. पाणी उतरलं तेव्हा हजेरीचा मेळ बसायच्या पलीकडं गेला होता. परीक्षेला बसू दिलं नाही.

पुढच्या वर्षी परीक्षेला पुन्हा बस, मी म्हणालो. भाची ताईकडं बघत राहिली. ताई भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही.

"पुढच्या वर्षी पाऊस पडणार न्हाय का?" ताई म्हणाली.

मग स्थळं यायला लागली. मी मध्यस्थ म्हणून बसायचो, मामाला बसावंच लागतं. मुलगा काय करतो, शेती किती, घरात माणसं किती, हे दाजी विचारायचे. ताई आतून एकच गोष्ट विचारायला लावायची: गावाला जायला मधी पाणी हाय का? एका चांगल्या शिकलेल्या मुलाच्या गावाला नदी आडवी होती, ते स्थळ ताईनं चहा व्हायच्या आत परत पाठवलं. शेवटी मुरुम गावाकडचं एक घर जमलं. यष्टी दारावरून जाते, एवढं ऐकून ताईनं सुपारी फोडली. भाचीनं मुलाचा फोटो पाहिला आणि हो म्हणाली. त्यांच्या गावात दवाखाना आहे का, एवढं तिनं मला एकट्याला हळूच विचारलं. आहे म्हणालो. मला खरं तर माहीत नव्हतं.

लग्न मुलाकडं होतं, म्हणून वऱ्हाड सकाळीच निघायचं होतं. नवरीला मामानं घेऊन जायचं असतं. मी तिचा हात धरून मुरमाच्या उरलेल्या खड्यांवरून तिला काठापर्यंत आणलं. चप्पल तिनं सवयीनं हातात घेतली होती. ताईच्या अंगात ताप होता आणि दुसऱ्या खेपेला मी येते म्हणून ती काठावरच थांबली. नाव माणसांनी आणि सामानानं गच्च भरली होती, समोरून वारा होता, लाटा उठत होत्या.

ताई पाण्यात पाय घालून उभी राहिली आणि दाजींना म्हणाली, "आज तरी हळू घ्या. मला जरा बघू द्या तिला."

दाजींनी मूठ अगदी थोडी पिरगाळली. तेवढीही त्या इंजिनाला पुरली. वाऱ्याला न जुमानता, भरलेली नाव न अडखळता, न धापा टाकता सरळ सुटली. भाची मागं वळून हात करत होती. काठ लहान होत गेला, ताईचं लुगडं नुसतं हिरवं दिसायला लागलं, आणि ताईनं पदरानं डोळे पुसून वर बघितलं तोवर आम्ही पलीकडं पोचलो होतो.